मोटारीच्या डब्यात नंबर कुणाचा?



मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत बचतीचा आणि हप्त्यांचा हिशेब संपला. वही मिटता मिटता एका ताईंनी विचारलं, "टीव्हीवर सारखं स्मार्ट, स्मार्ट चालू असतं. स्मार्ट फोन कळला. पण स्मार्ट मीटर, स्मार्ट कॅमेरा, स्मार्ट पंप? वस्तू हुशार झाली म्हणजे नेमकं काय झालं तिचं?" आम्ही सगळ्या हसलो, पण नीट उत्तर कुणालाच देता येईना. दुसऱ्या एक मावशी म्हणाल्या, "ते पुण्या-मुंबईचं खूळ. आपल्या लोह्याला कुठं आलंय ते?"

मग आम्ही बसल्या जागी मोजायला लागलो. रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीन. बीसी सखीचं पैसे काढायचं मशीन. बोअरच्या मोटारीचा मोबाईल स्टार्टर. सोलर पंपाचा डबा. किराणा दुकानातला कॅमेरा. नवीन बसवलेलं लाइटचं मीटर. पावसाचा आकडा पाठवणारं मंडळातलं यंत्र. एका हाताची बोटं पुरली नाहीत. मावशी म्हणाल्या, "मग मी तर कवापासून स्मार्ट हाय!" आजचं बोलणं त्या दिवशीच्या मोजणीवरचं आहे.

आधी हुशार म्हणजे काय ते पाहू. घरातला मिक्सर घ्या. त्याचं बटण त्याच्या अंगावर. तिथं जाऊन दाबलं तर तो फिरणार. टीव्हीचा रिमोट आला तेव्हा बाजेवर बसून बटण दाबता यायला लागलं, पण त्याची धाव त्या खोलीपुरती. इंटरनेट जोडलेल्या वस्तूचं बटण मात्र तालुक्याच्या बाजारातही दाबता येतं आणि पुण्यातूनही. आणि ती नुसती ऐकत नाही, उलट निरोपही देते.

चुलीवर दूध ठेवलंय आणि सासूबाई माजघरातून विचारतात, "दूध वर आलं का गं?" सून बघते, सांगते, "आलं." "मग जाळ कमी कर." ती करते. या सुनेनं चार कामं केली: पाहिलं, सांगितलं, ऐकलं, हात चालवला. हुशार वस्तूत हे चार भाग असतात. पाहणाऱ्या भागाला सेन्सर म्हणतात. तो ऊन, ओल, विजेचा दाब, अंगठ्याच्या रेषा, जे काम असेल ते मोजतो. सांगायला-ऐकायला सिमकार्ड किंवा वायफाय. हात म्हणजे चालू-बंद करणारा खटका. आणि मध्ये एक निरोप्या असतो, दूर कुठंतरी ठेवलेला मोठा कॉम्प्युटर. त्याला सर्व्हर म्हणतात. कुणी क्लाऊड म्हणजे ढगही म्हणतं, पण तो वर आभाळात नसतो, नवी मुंबईसारख्या ठिकाणी मोठमोठ्या इमारतींत असतो. रेशन दुकानदार "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या" म्हणतो ना, तो हाच. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढं सगळा घोळ इथंच होतो. मोटार आपली, मीटर आपल्या भिंतीवर, पण निरोप्या आपला नाही.

याची सुरुवात मोठ्या कामातून झाली असं वाटेल, पण झाली आळसातून. अमेरिकेत पिट्सबर्ग गावच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८२ च्या सुमारास विद्यार्थ्यांनी कोकच्या बाटल्यांचं कपाट कॉम्प्युटरला जोडलं. का, तर जिना उतरून जावं आणि बाटल्या संपलेल्या निघाव्यात, किंवा गरम निघाव्यात, याचा त्यांना वैताग आला होता. इंग्लंडमध्ये केंब्रिजला १९९१ साली शास्त्रज्ञांनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा लावला, भांडं रिकामं आहे की भरलेलं ते जागेवरून दिसावं म्हणून. दोन वर्षांनी ते भांडं इंटरनेटवर साऱ्या जगाला दिसायला लागलं. चहासाठी खेटा वाचावा एवढाच हेतू! आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला. १९९९ मध्ये केविन ॲश्टन नावाच्या माणसानं 'वस्तूंचं इंटरनेट' हे नाव दिलं. तोवर इंटरनेटवर माणसं माणसांशी बोलत, आता वस्तू बोलायला लागल्या.

आपल्याकडं मात्र ही गोष्ट आळसातून आली नाही, रात्रीच्या लाइटीतून आली.

शेतीची थ्री-फेज लाइट आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. हरभऱ्याला, हळदीला पाणी द्यायचं तर रात्री उठून आखाड्यावर जायचं. थंडी, चिखल, बॅटरीच्या उजेडात साप आहे का दोरी हे बघत चालायचं. तिथं पोचावं तर लाइट गेलेली. परत यावं तर आलेली. ज्या घरात पुरुष ऊसतोडीला किंवा कामाला बाहेरगावी आहे, तिथं ही चक्कर बाईच्या वाट्याला येते, हे आपल्याला कुणी सांगायची गरज नाही.

पुण्याचे इंजिनिअर संतोष ओस्तवाल यांनी आपल्या आजोबांना म्हातारपणी मोटारीपायी असेच खेटे घालताना पाहिलं होतं. त्यातून त्यांनी मोबाईलवरून पंप चालू-बंद करणारा डबा तयार केला, नाव ठेवलं नॅनो गणेश. २००९ साली नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. गंमत अशी की या डब्याला इंटरनेट लागतच नव्हतं. साधा बटणाचा फोन आणि एक कॉल, झालं काम. आज बाजारात अशा स्टार्टरचे कितीतरी प्रकार आहेत. काही कॉलवर चालतात, काही मेसेजवर, आणि नवे आहेत ते इंटरनेटवर, ॲपमधून.

काम कसं चालतं? स्टार्टरच्या पेटीजवळ एक छोटा डबा बसवतात, त्यात सिमकार्ड. लाइट आली की डबा फोन करतो किंवा मेसेज पाठवतो. तिन्ही फेज नीट आहेत का ते पाहतो. तुम्ही घरून आकडा दाबला की मोटार चालू. बोअरचं पाणी तुटलं तर मोटार कोरडी फिरते, तिला विजेची ओढ कमी लागते, ते ओळखून डबा मोटार बंद करतो. याला ड्राय रन म्हणतात.

आता आमच्या गटाचं सांगतो. गेल्या हिवाळ्यात आम्ही चार जणींना मोबाईल स्टार्टरसाठी अंतर्गत कर्ज दिलं. वहीत चौघींची नावं, अंगठे-सह्या, हप्ते, सगळं व्यवस्थित. डबे बसले. महिन्यानं बैठकीत विचारलं, "आता रात्रीचं जाणं बंद झालं ना?" चौघींपैकी एकच हो म्हणाली. बाकी तिघी गप्प.

झालं असं होतं, की डब्यात ज्यांचे नंबर नोंदवलेले असतात, त्यांचंच तो ऐकतो. बसवणाऱ्यानं विचारलं, "नंबर सांगा." घरच्या मालकांनी आपला नंबर सांगितला. एकीचे मालक गेले ट्रकवर हैदराबादच्या बाजूला. लाइट आली की फोन त्यांना, ते गाडी चालवत असणार, किंवा झोपलेले. मग ते घरी फोन करणार, "जा, खटका दाबून ये." म्हणजे कर्ज हिचं, हप्ता हिचा, शेतात चक्करही हिचीच, आणि निरोप गेला हैदराबादला. दुसरीच्या घरी नंबर होता पुतण्याचा, कारण "त्याला मोबाईलमधलं कळतं." तिसरीच्या डब्यातलं सिम रिचार्ज संपून बंद पडलं होतं आणि डबा मुका झाला होता. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, कारण रिचार्ज संपत आल्याचा मेसेज त्या डब्यातल्या सिमलाच जातो, आणि डबा काही मेसेज वाचून दाखवत नाही.

यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. विचारलं त्यानं नंबर, सांगितला यांनी. पण बाईला एकदाही विचारलं गेलं नाही. बहुतेक डब्यांत एकापेक्षा जास्त नंबर बसतात. म्हणून आम्ही गटात ठराव केला: कर्जातून येणाऱ्या वस्तूत कर्ज घेणारीचा नंबर आधी टाकायचा, घरच्यांचे नंतर. आणि बसवणारा माणूस जायच्या आधी तिनं स्वतः तिच्या फोनवरून मोटार तीनदा चालू-बंद करून दाखवायची. तेव्हाच उरलेले पैसे द्यायचे. हा ठराव ऐकून एका दादांनी "आता मोटारीलाही बचत गटात घेता का?" असं विचारलं. विचारू द्या!

स्टार्टर घेताना अजून दोन-तीन गोष्टी बघा. जुन्या धाटणीचे पुष्कळ डबे टू-जी नेटवर्कवर चालतात. जिओकडे टू-जी नाही, म्हणून त्यात जिओचं सिम टाकलं तर चालत नाही. आमच्या एकीनं डबा खराब म्हणून परत नेला होता. खराब काही नव्हतं, सिम चुकलं होतं. डबा घेण्याआधी तो कोणत्या सिमवर चालतो ते विचारा, आणि आपल्या रानात त्या कंपनीची रेंज आहे का, ते आखाड्यावर उभं राहून बघा, घरी नाही. आपल्या लिंबोटी धरणाच्या भागात तर एका बांधावर रेंज आणि दुसऱ्यावर नाही.

ड्राय रनची सोय डब्यात असली तरी ती बसवताना आपल्या मोटारीप्रमाणे लावून घ्यावी लागते. आमच्याकडच्या एका मोटारीला ती लावलीच नव्हती. उन्हाळ्यात पाणी तुटलं, मोटार कोरडी फिरत राहिली आणि जळाली. डब्याच्या किमतीपेक्षा मोटार भरून घ्यायला जास्त पैसे गेले.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ज्या मोटारीला दुरून चालू करता येतं, ती कधीही चालू होऊ शकते. तुम्ही वायरला हात लावलाय आणि त्याच वेळी घरून कुणी आकडा दाबला, तर? म्हणून मोटारीजवळ, पेटीजवळ काम करायचं असेल तर आधी मेन खटका पाडायचा, फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवायचे. फोन करून "चालू करू नका" सांगणं पुरेसं नाही.

ऑटो स्विच आणि मोबाईल स्टार्टर यांत गल्लत करू नका. ऑटो स्विच लाइट आली की आपोआप मोटार चालू करतो. डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम चालू झाल्या की डीपीवर ताण येतो आणि तो जळतो. म्हणूनच महावितरण रब्बीत सांगत असतं, की ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा. मोबाईल स्टार्टरवर तुम्ही लाइट आल्यावर थोडं थांबून मोटार चालू करू शकता. शेजारणींनी आपसात वेळ ठरवून घेतली तर डीपी वाचतो. डीपी जळाला की नवा यायला किती दिवस लागतात, ते तुम्हाला माहीतच आहे.

सोलर पंप घेतलेल्या घरांनाही एक सांगायचंय. सरकारी योजनेतल्या पंपाच्या कंट्रोलरला सिम लावलेलं असतं. पंप किती चालला, किती वीज झाली, ते दुरून दिसतं. म्हणजे पंप बंद पडल्याची तक्रार करताना पंपाचा नंबर आणि बंद पडल्याची तारीख सांगा, त्यांना त्यांच्या पडद्यावर ताळा करता येतो. "बघतो, येतो" म्हणणाऱ्याला तारीख विचारायची हिंमत त्यामुळे वाढते.

आता शेतातून आभाळाकडे येऊ. महाराष्ट्रात महावेध प्रकल्पातून २०६५ महसूल मंडळांत हवामान केंद्रं उभी राहिली. पाऊस, वारा, ऊन, हवेतली ओल मोजून ती आकडे आपोआप पाठवतात. आपल्या तालुक्यात लोहा, माळाकोळी, कलंबर, सोनखेड अशी मंडळं आहेत. या यंत्राचा आकडा आपल्या पोटापाण्याशी जोडलेला आहे. २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात, आणि नुकसानीच्या मदतीचं गाडं त्या आकड्याशी येऊन थांबतं. पाऊस मात्र मंडळ बघून पडत नाही. आपल्या शिवारात सोयाबीन पाण्याखाली आणि यंत्र उभं आहे तिथं शिंतोडे, असं होतंच. म्हणून यंत्राच्या भरवशावर बसू नका. पिकाचे फोटो त्याच दिवशी काढा, शेत ओळखू येईल असे. पीक विम्यात २०२४ पर्यंत नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत कळवावं लागायचं, आता काय नियम आहे ते विचारून घ्या. यंत्र काय म्हणतं ते म्हणू दे, आपलं म्हणणं कागदावर वेळेत गेलं पाहिजे.

विजेसाठी दामिनी नावाचं ॲप आहे, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं केलेलं. देशभर बसवलेले सेन्सर वीज कुठं पडतेय ते टिपतात आणि तुम्ही जिथं आहात त्याच्या २० ते ४० किलोमीटरच्या भागात धोका असेल तर ॲप सांगतं. फुकट आहे. मृगात आणि परतीच्या पावसात कापूस-सोयाबीनच्या रानात आपण बायकाच जास्त असतो. पण मैत्रिणींनो, फोन घरी चार्जिंगला लावून रानात गेलं तर ॲप भिंतीला सांगणार! दहा जणींच्या टोळीत एकीच्या तरी फोनवर दामिनी असावं, लोकेशन चालू असावं, आणि आवाज मोठा असावा. इशारा आला की झाडाखाली नाही, पक्क्या घरात.

मीटरचं थोडक्यात सांगतो. २०२४ साली स्मार्ट प्रीपेड मीटरवरून मोठी ओरड झाली, आणि सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असं सरकारनं जाहीर केलं. आता बसतात ती टीओडी मीटरं, बिल वापरल्यानंतरच येतं. या मीटरचं रीडिंग आपोआप जातं आणि कोणत्या तासाला किती युनिट जळलं तेही कळतं. १ जुलै २०२५ पासून अशा घरगुती मीटरवर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापराला युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सूट आहे. म्हणजे टाकीत पाणी चढवणं, इस्त्री, मिक्सरवरचं मोठं वाटण दिवसा उरका. बिल अचानक जास्त वाटलं तर मीटरवरचा आकडा आणि बिलावरचा आकडा ताडून बघा, फोटो काढून ठेवा आणि लेखी तक्रार करा. गटातल्या दोन-चार जणींची बिलं एकत्र ठेवून पाहिली तर फरक लवकर दिसतो.

आता कॅमेरा. यावर बैठकीत सगळ्यात जास्त बोलणं झालं, आणि हळू आवाजात झालं.

एका मावशींच्या लेकानं पुण्याहून येऊन वाड्यात कॅमेरा लावला. मनात माया होती, आई एकटी राहते, पडली-झडली तर कळावं. कॅमेऱ्याला सिम, चित्र लेकाच्या फोनवर. पण मावशी न्हाणीतून निघून अंगणात लुगडं नेसतात, पन्नास वर्षांची सवय. त्या आता अंधारात उठून आंघोळ करायला लागल्या. लेकाला कसं सांगावं? शेवटी आम्ही दोघी-तिघी गेलो, त्याला फोन लावला. तोच ओशाळला बिचारा. कॅमेरा आता फाटकाकडे आणि गोठ्याकडे तोंड करून आहे. दुसरीकडे मात्र गोष्ट वेगळी होती. सून कुणाशी बोलते, दारात किती वेळ उभी राहते, ते मुंबईहून बघून जाब विचारला जायचा. पूर्वी सासूचा डोळा तरी लागायचा दुपारी. या डोळ्याला झोप नाही.

कॅमेरा वाईट नाही. गोठ्यात, दुकानात, गटाच्या डाळ मिलमध्ये तो कामाचा आहे. पण घरात लावताना घरातल्या सगळ्या बायांना विचारून, कुठं तोंड करायचं ते ठरवून लावा. आणि बसवल्याबरोबर कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसनं जगभरातले लाखो कॅमेरे आणि वायफायचे डबे ताब्यात घेतले होते. त्यांच्या जोरावर ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. त्यासाठी फार अक्कल लागली नाही. मालकांनी पासवर्ड बदललेच नव्हते, एवढंच. कुलूप नवं आणून किल्ली त्यालाच लटकवून ठेवावी, तसं ते.

राहिला अंगठा. रेशनच्या मशीनवर कष्ट करून झिजलेल्या बोटांच्या रेषा उमटत नाहीत, हे दुखणं आपल्यात घरोघरी आहे. एक बोट चाललं नाही तर दुसरं लावू द्या म्हणा, हात धुऊन पुसून लावा, आणि कितीदाही नाही जमलं तर आधार केंद्रावर बोटं नव्यानं नोंदवता येतात. पैशाच्या मशीनवर अंगठा लावताना मात्र पडद्यावर किती रक्कम आहे ते वाचा, वाचता येत नसेल तर सोबतच्या लेकराला वाचायला लावा, आणि पावती घेतल्याशिवाय उठू नका. "एकदा उमटला नाही, परत लावा" असं म्हणाले तर आधीचा व्यवहार झाला का, ते आधी विचारा. एमआधार ॲपमधून अंगठा कुलूपबंदही करता येतो, लागेल तेव्हा उघडायचा. पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० ला फोन. लाज वाटून दोन दिवस गप्प बसलेल्या ताईंचे पैसे सापडणं अवघड होतं.

आमच्या गटाच्या वहीत आता शेवटच्या पानावर एक तक्ता आखलाय. कुणाच्या घरी कोणता डबा, आत कोणत्या कंपनीचं सिम, नोंदवलेले नंबर कुणाकुणाचे, आणि रिचार्ज कधी संपतं. दर बैठकीत हप्त्यांनंतर तो वाचायचा. या महिन्यात दोघींचं रिचार्ज माळेगावच्या यात्रेच्या दिवसांत संपतंय, तेव्हा खंडोबाला निघायच्या आधी तेवढं करून निघा.